हॅनाबाईंची पायरी

आई खलबत्त्यात दगड कुटत होती. बाहेर अजून उजाडायचं होतं, आणि मी अंगाला तेल-उटणं चोपडून शेगडीपुढच्या पत्र्याच्या टबात कुडकुडत बसले होते.

"हळू कुट ना आई. वॉल्टरमामा जागे होतील."

"नाही व्हायचे. आज छान झोप लागलीय त्यांना." आईने बत्ता थांबवून भिंतीकडे कान दिला. आमचं आणि शेजारचं घर यांच्यामध्ये एका विटेची भिंत होती, पलीकडे कुणी शिंकलं तर इकडे समजायचं. "मध्यरात्रीपर्यंत खोकत होते बिचारे. मग थांबला खोकला, तो थांबलाच. किती दिवसांनी अशी शांत रात्र मिळाली त्यांना. आज हॅनाबाईंच्या दारातही रांगोळी काढते मी."

त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. गाव मात्र अलिबाग नव्हे, इंग्लंडातल्या लँकेशरमधलं थॉर्नशॉ. कापडगिरण्यांचं गाव, सगळ्या घरांना आणि सगळ्या आकाशाला एकच रंग. बाबा तिथे एका म्हाताऱ्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचे. टिपणीस हे आडनाव कुणाच्या जिभेला झेपत नसे, म्हणून गल्लीने त्यांना 'डॉक्टर टिप' करून टाकलं होतं. मी शालन, तिथली शॅली, वय वर्षं नऊ. आईला मात्र कुणी नाव ठेवायच्या भानगडीत पडलं नाही. ती नऊवारी नेसून बाहेर पडली की मुलं खेळ थांबवून बघत आणि बायका पडद्याआडून बघत, एवढंच.

त्या अख्ख्या गावात आईला एकच मैत्रीण होती, शेजारच्या हॅनाबाई. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि हॅनाबाईंचं इंग्रजी बाबांनाही धड कळत नसे, म्हणून दोघींचं उत्तम जमलं.

जमलं ते पायरीवरून. त्या गल्लीत दर शुक्रवारी प्रत्येक घरची बाई गुडघ्यांवर बसून दाराची दगडी पायरी घासायची आणि मग एका मऊसर दगडाने तिच्या काठाला पांढरी कड ओढायची. त्याला गाढवछाप दगड म्हणत, कारण वडीवर गाढवाचा छाप असायचा. हातगाडीवाला ओरडत यायचा, त्याला जुन्या चिंध्या दिल्या की तो दगडाची वडी द्यायचा, आपल्याकडे बोहारीण जुन्यावर भांडी देते तसा. जिच्या पायरीला कड नाही त्या बाईची गल्लीत किंमत नाही! आम्ही राहायला गेलो त्या पहिल्याच शुक्रवारी आई कासोटा खोचून बादली घेऊन बाहेर आली आणि तिने पायरी अशी घासली की दगडालाही वाटलं असेल, आता पुरे. पण कड ओढायची राहिली. तेव्हा हॅनाबाई आपल्या पायरीवरून उठल्या, आईशेजारी येऊन बसल्या, आईच्या हातात दगडाची वडी दिली आणि तिच्या हातावर हात ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ ओढली. आईने ती बघितली आणि हसली. रेघा ओढायला आईला शिकवत होत्या! तिने मग पायरीच्या कोपऱ्यात, नखाएवढं, एक गोपद्म काढून दाखवलं. हॅनाबाई इतक्या हसल्या की समोरच्या मिसेस पिकप काय झालं ते बघायला बाहेर आल्या.

तेव्हापासून शुक्रवारी दोघी एकाच वेळी बाहेर येत, शेजारी शेजारी पायऱ्या घासत आणि आपापल्या भाषेत बोलत. मी मधे दुभाषी म्हणून बसायचे, पण माझी फारशी गरज लागत नसे.

वॉल्टर हे हॅनाबाईंचे धाकटे भाऊ. लढाईत मेसोपोटेमियात गेले होते, परत आले ते छातीचं दुखणं घेऊन. दिवसभर पुढच्या खिडकीत बसायचे. तिकडे शेजारच्या पलटणीत मराठे होते, त्यांच्याकडून दोन शब्द उचलून आणले होते. आई दारात दिसली की खिडकीतून हाक यायची, "राम राम, बाई!" त्या परमुलखात सकाळी सकाळी 'राम राम' ऐकून आईचा चेहरा कसा उजळायचा ते मी बघितलंय. आदल्या वर्षी भाऊबीजेला आई निरांजनाचं ताट घेऊन सरळ त्यांच्या घरात गेली होती.

"हे काय करतेय ती?" हॅनाबाईंनी मला विचारलं होतं.

"ओवाळतेय. आज बहिणी भावाला ओवाळतात. त्याला खूप आयुष्य मिळावं म्हणून."

"अगं बाई! मग मी एवढी वर्षं नुसती बसून राहिले म्हणायची."

आईला मी ते सांगितलं तर आईने ताट त्यांच्याच हातात दिलं. हॅनाबाईंनी ओवाळलं, उलटीकडून, पण ओवाळलं. वॉल्टरमामा कपाळावरचं कुंकू पुसू देईनात. दिवसभर तसेच खिडकीत बसले, आणि जाणारा-येणारा विचारी त्याला ऐटीत सांगत, "मला आता दोन बहिणी आहेत."

तर त्या नरकचतुर्दशीला बाबा घरी नव्हते. आतेकाका बोटीने येणार होते, त्यांना उतरवून घ्यायला ते लिव्हरपूलला गेले होते. आईने मला अंघोळ घातली, नवा फ्रॉक चढवला आणि आम्ही दोघी बाहेर आलो. दोन दिवस पाऊस नव्हता, त्या गावात हे नवलच. रस्त्यावरचा गॅसचा दिवा नेमका आमच्या दोन दारांसमोर होता. सगळ्या गल्लीचे पडदे खाली ओढलेले होते, पण त्या वेळेला ते असायचेच.

आईने कुटलेल्या पांढऱ्या दगडाची पूड चिमटीत घेतली आणि आमच्या दारापुढे एक कमळ काढलं. मग हॅनाबाईंच्या दारापुढे बसली. तिथे तिने आठ पाकळ्यांचं कमळ काढलं, त्याभोवती वेल, वेलीला कळ्या, पायरीवर दोन्ही बाजूंना पणत्या, आणि घरून आलेल्या पुड्यांतली हळद नि कुंकू भरलं. मी दिव्याखाली उभी राहून बघत होते. चिमटी उचलताच रेघ जिथल्या तिथे थांबायची.

"त्यांची आपल्यापेक्षा मोठी का?"

"तिथे माझा भाऊ आहे," आई म्हणाली.

आम्ही आत येऊन चकल्यांच्या डब्याला हात घातला असेल-नसेल, तोच गिरणीची वेळ झाली. त्या वेळी रोज गल्लीतून लाकडी तळव्यांच्या बुटांचा खडखडाट जायचा, थेट गल्लीच्या टोकापर्यंत. त्या दिवशी तो आमच्याजवळ येऊन थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. मग दारावर थाप पडली.

मिसेस पिकप होत्या. गल्लीत मूल जन्मलं तरी त्या लागत आणि माणूस गेलं तरी त्याच. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, चेहरा जागरणाने सुजलेला.

"तुझ्या आईला सांग," त्या मला म्हणाल्या, "वॉल्टर रात्री गेला. मी आत्ता त्याचं अंग पुसून, आवरून मागच्या दाराने घरी चालले होते, आणि पुढे येऊन बघते तर हा तमाशा. मेलेल्या माणसाच्या दारात रंग उधळायचे? लाज कशी वाटत नाही म्हणावं."

त्या निघून गेल्या. मी आईला सांगितलं. तमाशाचं आणि लाजेचंही सांगितलं, कारण जे ऐकलं ते सगळं सांगायचं अशी मला सवय होती.

आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

"मी ऐकलं ना गं," ती म्हणाली. "खोकला थांबलेला मी ऐकला. माझ्या कानांनी ऐकला आणि मला आनंद झाला."

"तुला कुठे माहीत होतं?"

"सुतकाच्या दारात रांगोळी घातली मी, शालन. भाऊ म्हटलं त्याच्या दारात. आपल्याकडे वैरी असला तरी कुणी असं करत नाही." आणि एकदम उठून तिने बादली घेतली.

आता फटफटलं होतं. गिरणीला उशीर झाला तरी चार-सहा जणी अजून रेंगाळत होत्या. त्या सगळ्यांच्या देखत आई, दिवाळीची नवी जरीची साडी नेसून, हॅनाबाईंच्या दारापुढे गुडघ्यांवर बसली आणि ब्रशने रांगोळी घासू लागली. पांढरं लगेच गेलं. कुंकू पाण्याबरोबर ओघळून गटारात गेलं. हळद मात्र जाईना. कमळाच्या मध्यावरचा पिवळा डाग ती घासत राहिली, घासत राहिली. मी शेजारी उभी होते आणि मला त्या बायकांसमोर रडायचं नव्हतं.

दार उघडलं. हॅनाबाई पायांत नुसते मोजे घालून, काळी शाल घट्ट ओढून दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी जमिनीकडे पाहिलं, मग आईच्या हातातल्या ब्रशकडे. आईने हात जोडले, पण मान वर केली नाही.

"पुसलंस?" हॅनाबाईंनी विचारलं. आवाज असा की जेमतेम ऐकू यावा.

आईने माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या?"

"पुसलंस, म्हणतात."

"सांग त्यांना, हो. सगळं पुसलं. आता काही राहिलं नाही म्हणावं."

मी सांगितलं. शब्दाला शब्द बरोबर सांगितला. हॅनाबाईंनी त्या पिवळ्या डागाकडे बघून मान हलवली आणि दार लावून घेतलं.

मरणाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्याने पिठलं-भात न्यायचा, हे आईला चांगलं ठाऊक होतं. तिने तो केलाही. पातेल्यावर ताटली झाकली, पदर सारखा केला, दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

"चल ना आई, मी येते बरोबर."

"नको. आता माझ्या हातचं त्यांच्या घशाखाली उतरायचं नाही." ती परत फिरली. संध्याकाळी तो गार पिठलं-भात आम्ही दोघींनी खाल्ला. दिवाळीची तीच आमची पंगत.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. आईने त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही तरी जाऊन बोला त्यांच्याशी. मला तोंड नाही दाखवायला." बाबा लगेच गेले, टोपी हातात घेऊन. परत यायला त्यांना काही फार वेळ लागला नाही.

"काय म्हणालात?"

"म्हटलं, माझ्या बायकोला कल्पना नव्हती. तिला त्या चित्राचं अतिशय वाईट वाटतंय. पुन्हा असं कधी होणार नाही, याची मी हमी देतो."

"मग? त्या काय म्हणाल्या?"

"'बरं, डॉक्टर,' म्हणाल्या."

"एवढंच?"

"एवढंच. हे लोक जास्त बोलत नाहीत."

दफन होईपर्यंत सगळ्या गल्लीचे पडदे दिवसाढवळ्या खाली होते. ती तिथली रीत होती. माणूस गेलं की त्या गल्लीतली प्रत्येक खिडकी डोळा मिटायची. आईने आमचाही पडदा ओढला आणि दफन उरकल्यावरही तो बरेच दिवस वर केला नाही. शेवटी बाबांनीच केला.

त्यानंतर शुक्रवारी हॅनाबाई सकाळीच पायरी आटपून घेत. आई बाहेर यायची तेव्हा त्यांची कड ओढून झालेली असायची. समोरासमोर आल्या तर दोघी 'मॉर्निंग' म्हणत. आई पहिल्यासारखी पायरी घासायची, पण मान खाली घालून, आणि शेजारच्या दारापुढचा तो हळदीचा डाग दिसू नये म्हणून बसायची पाठ फिरवून. हळद उन्हाने उडते, पण थॉर्नशॉला ऊन कुठलं? "अजून आहे बघ," आई म्हणायची. "मुद्दाम राहिलाय."

पुढे दोनेक वर्षांनी आम्ही घर आवरलं आणि देशी परत आलो. निघायच्या दिवशी मोटार दारात आली तेव्हा हॅनाबाई ॲप्रनमध्ये हात गुंडाळून दारात उभ्या होत्या. आईने हात जोडले. त्यांनी एक हात बाहेर काढून वर केला. माझ्या मनात आलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल. पण ड्रायव्हरला गाडी गाठून द्यायची घाई होती.

अलिबागला आल्यावर आईने रांगोळीला पुन्हा हात लावला नाही. दिवाळीला काकू काढायच्या, नाहीतर शेजारच्या मुली. मी हट्ट धरला, "मला तुझ्यासारखं कमळ शिकव," तर म्हणायची, "काकूंकडून शीक." काकूंचं कमळ म्हणजे फुटलेला पापड, ते मी काय शिकणार! दर शुक्रवारी मात्र आई दाराची पायरी खसखसून घासायची आणि चुन्याने तिला एक सरळ पांढरी कड ओढायची. येणारे-जाणारे हसायचे, टिपणीसवहिनींची विलायती सवय म्हणून. आईला त्याचं काही वाटत नसे.

माझं लग्न झालं, मुलं शाळेत जाऊ लागली. माझे यजमान कापडगिरणीत इंजिनियर. कंपनीने त्यांना नव्या यंत्रांच्या प्रशिक्षणाला मँचेस्टरला पाठवलं, आणि मीही बरोबर गेले. तिथून थॉर्नशॉ बसने तासाभरावर. एक दिवस एकटीच गेले.

गिरण्यांची धुरांडी थंड पडली होती. आमची गल्ली अर्धी पाडून टाकली होती, उरलेल्या घरांपैकी बहुतेकांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या होत्या. आमचंही घर तसंच. पण त्याच्या शेजारच्या पायरीला पांढरी कड होती, सरळ, ताजी.

मी दार वाजवलं. बऱ्याच वेळाने उघडलं. ऐंशीच्या घरातली, अर्धी झालेली म्हातारी काठी टेकून माझ्या साडीकडे बघत राहिली.

"शॅली," ती म्हणाली.

त्यांनी मला आत नेऊन वॉल्टरमामांच्या खुर्चीत बसवलं. चहा केला. माझ्या मुलांची नावं विचारली आणि ती म्हणता येईनात म्हणून सोडून दिली. मग कप खाली ठेवला.

"तुला एक विचारायचंय. तू लहान होतीस, तुला आठवतही नसेल. तुझ्या आईने ती फुलं का पुसली?"

मी खुर्चीत पुढे सरकले.

"त्या पहाटे वॉल्टरला सोडून मी पहिल्यांदा खिडकीशी आले," हॅनाबाई सांगू लागल्या, "आणि पडदा जरासा सारून बघते तर दारात ती एवढी मोठी फुलं. पैशापासरी पुष्पचक्रं नंतर आली गं, गिरणीतून, चर्चमधून. पण सगळ्यांच्या आधी तिने आणली. गल्ली झोपली होती तेव्हा. मी वॉल्टरला सांगितलं, मेलेल्या माणसाला सांगितलं मी, तुझी दुसरी बहीण येऊन गेली बघ. मग म्हटलं, तोंडावर पाणी मारते आणि तिला आत बोलावते, त्याला बघायला. दार उघडलं तर ती घासत होती."

"तिला वाटलं, तुमचा अपमान झाला," मी म्हटलं. "तिला माहीत नव्हतं ते गेलेत. तिने सणाची म्हणून काढली होती. आमच्याकडे मरणाच्या दारात रांगोळी काढत नाहीत. कळलं तेव्हा ती..."

"आणि मला वाटलं, पिकपबाई बोलली, गल्ली बोलली, म्हणून तिने ती परत घेतली. आम्ही नकोसे झालो तिला. तू म्हणालीस, काही राहिलं नाही. मग तुझे वडील आले, म्हणाले, पुन्हा असं होणार नाही." त्यांनी नाक पुसलं. "मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?"

मग त्या म्हणाल्या, "पिवळा डाग राहिला होता. मी त्याच्या कडेकडेने घासायचे. बरीच वर्षं पुरला."

मी खिडकीतून बाहेर, दारापुढच्या फरशीकडे पाहिलं.

"तिला घेऊन ये ना पुढच्या खेपेला. मी आहे अजून इथे, हे घर पाडतील तोवर."

"आई गेली, हॅनाबाई. गेल्या श्रावणात."

त्या उठल्या. काठी टेकत स्वयंपाकघरात गेल्या आणि हातात वापरून वापरून सुपारीएवढी उरलेली दगडाची वडी घेऊन आल्या. ती माझ्या तळहातावर ठेवली.

"काढ. तिने काढलं होतं तसं. वॉल्टरच्या दारात."

"मला येत नाही."

"तिने शिकवलं नाही तुला?"

"त्या दिवसानंतर तिने कधी काढलीच नाही. मी पुष्कळ मागे लागले."

हॅनाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मला तिथे बसवेना. मी वडी घेऊन बाहेर आले, पदर खोचला आणि पायरीशी गुडघे टेकून बसले. चिमटीत पूड घेऊन रेघ जिथल्या तिथे कशी थांबवायची, ते मला खरोखरच येत नव्हतं. येत होतं ते एवढंच, जे मी अलिबागला दर शुक्रवारी बघितलं होतं. मी वडी पायरीच्या एका टोकाला टेकवली आणि त्यांच्या ताज्या कडेवरून पुन्हा एक कड ओढत दुसऱ्या टोकापर्यंत गेले.

उठून हात झटकले आणि वर पाहिलं. गल्लीवर चक्क ऊन पडलं होतं. हॅनाबाई खिडकीशी उभ्या होत्या, आणि दोन्ही हातांनी, दिवसाढवळ्या, पडदा खाली ओढून घेत होत्या.